‘बाई, प्लस की मायनस?’ : सेमी इंग्लिशच्या वर्गातलं गणित

सातवीच्या वर्गात मी एक उदाहरण तोंडी सांगितलं. दप्तराची किंमत ५०० रुपये, सेलमध्ये ती कमी झाली. पहिल्या वेळी म्हटलं, ‘रिड्यूस्ड बाय टू हंड्रेड’. दुसऱ्या वेळी म्हटलं, ‘रिड्यूस्ड टू टू हंड्रेड’. प्रश्न दोन्हींना एकच: आता दप्तर केवढ्याला?

बहुतेकांनी दोन्हीकडे ३०० लिहिलं. वह्या तपासताना एकाची गंमत दिसली. त्याने दुसरी ओळ ‘रिड्यूस्ड टू हंड्रेड’ अशी लिहून घेतली होती. दोनदा ‘टू’ आलं म्हणजे बाई बोलताना अडखळल्या असणार, असं त्याला वाटलं आणि त्याने एक ‘टू’ गाळून माझी चूक सुधारली होती.

मग तेच मराठीत विचारलं. ‘किंमत दोनशेने कमी झाली, तर केवढ्याला?’ तीनशे. ‘किंमत दोनशेवर आली, तर?’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, हे काय विचारताय, दोनशेच की!’ ‘ने’ आणि ‘वर’ यांतला फरक त्यांना कुणी शिकवलेला नाही. तो त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. ‘बाय’ आणि ‘टू’ यांतला फरकही कुणी शिकवलेला नाही, पण तो कुठूनच मिळालेला नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘बाई, समजलं नाही’ हा नाही. तो आहे, ‘बाई, प्लस की मायनस?’ एवढं सांगितलं की पोरं झरझर उदाहरण सोडवतात, उत्तरही बरोबर येतं. म्हणजे बेरीज-वजाबाकी येते. कुठे काय करायचं हे मात्र वाक्यात दडलेलं असतं, आणि वाक्य इंग्रजीत असतं.

बाहेरच्यांसाठी सांगते. सेमी इंग्लिश म्हणजे मराठी माध्यमाची शाळा, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. काही शाळांत पहिलीपासून, काहींत पाचवीपासून, काहींत आठवीपासून. इंग्रजी हा विषय महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. त्यामुळे पालकांना वाटतं, मुलं इतकी वर्षं इंग्रजी शिकतायत, मग गणित इंग्रजीतून शिकायला काय हरकत? हरकत काहीच नाही. मी सेमीच्या विरोधातही नाही, माझी स्वतःची मुलगी सेमीतच शिकली. पण वर्गात प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. बाई पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचतात. लगेच त्याचं मराठी सांगतात. मराठीवरून उदाहरण फळ्यावर सोडवतात. मुलं इंग्रजीत उतरवून घेतात. तास छान होतो, सगळ्यांना सगळं कळतं. फक्त त्या तासात इंग्रजी वाक्याशी झटापट केली ती बाईंनी, मुलांनी नाही. परीक्षेला बाई शेजारी नसतात. मीही कित्येक वर्षं असंच शिकवत होते, म्हणून हे ठामपणे सांगू शकते.

पालकसभेत हमखास ऐकू येतं, ‘अहो बाई, तो इंग्रजी कार्टून बघतो, फाडफाड बोलतो, मग शाब्दिक उदाहरणातच कसं अडतं?’ कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नवी भाषा बोलायला मुलं साधारण दोन वर्षांत सरावतात. त्याच भाषेत अभ्यास करण्याइतकी पकड यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. आणि हे कुठे? जिथे शाळेबाहेरही सगळीकडे इंग्रजीच बोलली जाते तिथे. आमच्या पोरांना किसननगरच्या गल्लीत इंग्रजी ऐकू येते ती मोबाइलमधून.

त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, युनेस्कोने नैरोबीत एक परिसंवाद घेतला होता. विषय होता भाषाशास्त्र आणि गणिताचं शिक्षण. तिथे मायकल हॅलिडे या भाषातज्ज्ञाने एक मुद्दा मांडला. गणिताची भाषा म्हणजे नुसती अवघड शब्दांची यादी नव्हे. त्यात वाक्यं बांधायची, युक्तिवाद करायची एक खास रीत असते. तेव्हा सेमीतल्या मुलाला दोन भाषा सांभाळायच्या नसतात. घरची मराठी, बोलण्यातली इंग्रजी आणि या दोन्हींपेक्षा निराळी गणिताची इंग्रजी, अशा तीन असतात. घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणातून येणाऱ्या, घरी आगरी बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकातली मराठी धरून चार.

ओळखीचे शब्दच दगा देतात

‘हायपोटेन्यूज’, ‘आयसॉसेलीस’ असे शब्द दिसायला भीतिदायक आहेत, पण त्यांचा त्रास कमी होतो. ते अनोळखी आहेत हे मुलाला कळतं. ते पाठ करतं, प्रश्न मिटला. खरा घोटाळा करतात ते शब्द मुलाच्या रोजच्या मराठीत आधीच येऊन बसलेत.

‘कंपाउंड’ म्हणजे सोसायटीची भिंत. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड. मग ‘कंपाउंड इंटरेस्ट’ म्हणजे काय? आमच्या एका पोराचं उत्तर होतं, भिंतीवर बसायची आवड. ‘पॉवर’ म्हणजे चष्म्याचा नंबर नाहीतर गेलेली वीज. ‘व्हॉल्यूम’ मोबाइलचा. ‘प्रॉडक्ट’ जाहिरातीतला. ‘डिग्री’ दादाची, बीकॉमची. ‘रूट’ टीएमटीच्या बसचा, आणि देवनागरीत तर मूळ आणि मार्ग या दोन्हींचं स्पेलिंग एकच. ‘लेट एक्स बी द एज ऑफ द फादर’ यातलं ‘लेट’ म्हणजे उशीर, ही समजूत मी एकदा नाही, अनेकदा ऐकलीय.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. अंतर ३४ किलोमीटर. ठाण्यातल्या पोरांना हे तोंडपाठ असतं, म्हणून मी त्यावरच उदाहरण रचलं होतं. गाडी ‘युनिफॉर्म स्पीड’ने, म्हणजे एकसारख्या वेगाने, धावली असं समजून वेळ काढा. एकीने गंभीरपणे विचारलं, ‘बाई, ड्रायव्हरचा युनिफॉर्म का?’ वर्ग हसला. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी खरा अर्थ ठाऊक नव्हता, हे मी नंतर विचारल्यावर कळलं.

इथे मराठी परिभाषेचं एक कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. ‘चक्रवाढ व्याज’ म्हटलं की व्याजावर व्याज फिरत फिरत वाढतंय हे डोळ्यांसमोर येतं. ‘समद्विभुज’ फोडला की सम, द्वि, भुज. व्याख्या शब्दातच आहे. ‘काटकोन’, ‘घनफळ’, ‘चौकोन’ यांचंही तेच. ‘आयसॉसेलीस’चा अर्थही मुळात सारखे पाय असाच आहे, पण तो ग्रीक येणाऱ्याला. अर्थात मराठीतही ‘परिमेय’ आणि ‘अपरिमेय’ ऐकून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडलाय असं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी मुलांना शब्द दोन्ही देते. लिहायला ‘कंपाउंड इंटरेस्ट’, समजायला चक्रवाढ. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने असतात: ‘बाहेरचा अर्थ’ आणि ‘गणितातला अर्थ’. हे पान भरायला मुलांना भारी आवडतं, कारण वर्गात विनोद करायची ती एकमेव अधिकृत जागा आहे.

छोटे शब्द, उलटी रांग

मोठे शब्द यादीत मावतात. ‘बाय’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘दॅन’, ‘इनटू’ हे चिल्लर शब्द मावत नाहीत, आणि गणित त्यांच्यावरच उलटंसुलटं होतं. सगळ्या लेखातलं एकच काही वाचायचं असेल तर हा भाग वाचा.

‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ हे चिन्हांत लिहा. वर्गातली निम्मी मुलं ५ − एक्स लिहितात. त्यांनी आळस केलेला नसतो. इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडे वाचलं, जे आधी आलं ते आधी लिहिलं, मधे ‘लेस’ म्हणून वजाचं चिन्ह टाकलं. बरोबर उत्तर आहे एक्स − ५. आता मराठीत म्हणा: ‘एक्सपेक्षा पाचने कमी’. आधी एक्स, मग पाच, मग वजा. चिन्हं ज्या रांगेत लिहायची, त्याच रांगेत मराठी वाक्य उभं आहे.

हा योगायोग नाही. मराठीत ‘पेक्षा’, ‘मधून’, ‘ला’, ‘ने’, ‘चा’ हे सगळं शब्दाच्या मागे चिकटतं आणि क्रिया वाक्याच्या शेवटी येते. म्हणून ज्याच्याशी तुलना करायची किंवा ज्यातून काढायचं ती संख्या आपोआप पुढे येते. ‘वीसमधून आठ वजा करा’: २० − ८. इंग्रजीत ‘सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेन्टी’, आठ आधी. ‘वीसला चारने भागा’: २० ÷ ४. इंग्रजीत ‘डिव्हाइड ट्वेन्टी बाय फोर’ म्हटलं तर रांग जुळते, आणि ‘डिव्हाइड फोर इनटू ट्वेन्टी’ म्हटलं तर उलटी होते. मधला एक शब्द बदलला की भाजक आणि भाज्य जागा बदलतात. त्यात आपल्याकडे ‘इनटू’ म्हणजे गुणिले असं पाढ्यांपासून पक्कं झालेलं असतं, ‘टू इनटू थ्री’. म्हणजे तिसराच घोळ.

यात फक्त इंग्रजी शिकणारी पोरंच अडकतात असं समजू नका. अमेरिकेत क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक या तिघांनी एक प्रसिद्ध चाचणी घेतली होती, तिचे निष्कर्ष १९८१ मध्ये छापून आले. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर एस म्हणजे विद्यार्थी आणि पी म्हणजे प्राध्यापक धरून समीकरण लिहा. उत्तर एस = ६पी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी ३७ टक्के चुकले. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ६एस = पी लिहिलं. इंग्रजी वाक्य सुरूच होतं ‘सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स’ असं. सहा आणि विद्यार्थी शेजारी बसलेले, म्हणून लिहितानाही शेजारी बसले. आता मराठी वाक्य पुन्हा वाचा: प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी. सहाची जोडी प्राध्यापकांशी लागलीय, जिथे ती लागायला हवी तिथेच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही ही उलटी रांग फसवते, तर पाचवीतल्या आपल्या पोराला ती फसवणारच.

मराठी मात्र दरवेळी जिंकते असं नाही. ‘फाइव्ह आउट ऑफ ट्वेन्टी’ हा अपूर्णांक लिहिताना इंग्रजी रांग उपयोगी पडते: पाच वर, वीस खाली. ‘वीसपैकी पाच’ म्हटलं की काही मुलं वीस वर लिहून मोकळी होतात. तेव्हा एक भाषा हुशार आणि दुसरी ढ असा याचा अर्थ काढू नका. दोन भाषांच्या रांगा वेगळ्या आहेत आणि कुठे वेगळ्या आहेत हे मुलाला दाखवावं लागतं, एवढंच.

मी आता हे फळ्यावर असं दाखवते. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी वाक्य, मधे बाण. ‘फाइव्ह’चा बाण ‘पाचने’कडे, ‘एक्स’चा बाण ‘एक्सपेक्षा’कडे. बाण एकमेकांना छेदले की मुलं ओरडतात, ‘क्रॉस!’ बाण छेदले म्हणजे सावध राहायचं. ‘सबट्रॅक्ट फ्रॉम’ला क्रॉस. ‘डिव्हाइड बाय’ला नाही. ‘मोअर दॅन’ला क्रॉस होतो, पण बेरीज असल्यामुळे उत्तराला धक्का लागत नाही. हे शेवटचं एका मुलीने मला दाखवून दिलं. मी स्वतः त्याचा विचार केला नव्हता.

एक छळवादी जोडी राहिलीच. ‘ॲट लीस्ट फाइव्ह’. ‘लीस्ट’ म्हणजे सर्वांत कमी, म्हणून मुलं पाचपेक्षा लहान असं चिन्ह टाकतात. हवं असतं पाच किंवा पाचाहून जास्त. मराठीत ‘कमीत कमी’मध्येही ‘कमी’ आहे, पण ‘रिक्षाला कमीत कमी पन्नास रुपये लागतील’ असं म्हटल्यावर कुणी तीस रुपये घेऊन निघत नाही. रिक्षाचं वाक्य आधी सांगायचं, ‘ॲट लीस्ट’ नंतर.

त्रेचाळीस लिहिताना हात कुठून सुरू होतो

लहान वर्गात भाषेचा त्रास संख्यांच्या नावांपासूनच सुरू होतो, आणि इथे सोपं इंग्रजीत आहे. ‘त्रेचाळीस’ ऐकताना तीन आधी कानावर पडतो, चाळीस नंतर. काही मुलं आधी ३ लिहितात, डावीकडे जागा सोडतात आणि मग मागे येऊन ४ बसवतात. जागा सोडायला विसरली की ३४. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकून पन्नासच्या आधी जायचं असतं. इंग्रजीत ‘फॉर्टी थ्री’ जसं ऐकलं तसं लिहायचं. त्यांची गडबड तेरा ते एकोणीस एवढ्यापुरती, शिवाय ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ऐकताना होणारा गोंधळ.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, हे त्यामागचं कारण. मराठी बुडाली अशी ओरड झाली, विधानसभेतही कोट्या झाल्या. माझं मत विचाराल तर शिकवण्याची पायरी म्हणून ‘वीस सात’ उत्तम आहे आणि नाव म्हणून ‘सत्तावीस’ला पर्याय नाही. आज परिस्थिती अशी आहे की जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशी ‘एकोणसाठ’ म्हणाल्या की पोरगं आईकडे बघून विचारतं, ‘म्हणजे फिफ्टी नाइन ना?’

आणि अंक. मराठी माध्यमाच्या प्राथमिकच्या पुस्तकातला मराठी एक आणि इंग्रजी नऊ हे जवळपास जुळे भाऊ. सेमीत नव्याने आलेल्या मुलाच्या वहीत मधेच एखादा मराठी एक उगवतो, मी त्याला नऊ समजते आणि पूर्ण उदाहरण चूक देते. असं दोनदा झाल्यावर मी आधी विचारायला शिकले.

चूक नक्की कुठल्या पायरीवर

ऑस्ट्रेलियात ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये एक साधी पद्धत मांडली. मुलाचं उत्तर चुकलं की लगेच गणित पुन्हा शिकवायला बसायचं नाही. पाच गोष्टी क्रमाने बघायच्या. प्रश्न वाचता येतो का? काय विचारलंय ते कळलं का? कुठली क्रिया करायची ते ठरवता येतं का? क्रिया नीट करता येते का? आणि शेवटी उत्तर नीट लिहिता येतं का? न्यूमनना आढळलं ते असं की चुकांचा मोठा वाटा पहिल्या तीन पायऱ्यांवरच असतो. म्हणजे आकडेमोड सुरू होण्याआधीच. आणि आपण शिकवणीत घोटून घेतो ती चौथी.

आठवीतल्या एका मुलीबरोबर मी हे मधल्या सुट्टीत केलं. उदाहरण असं होतं: टाकीत ६०० लिटर पाणी मावतं, टाकी ‘थ्री फोर्थ्स फुल’ आहे, ‘हाऊ मच मोअर वॉटर इज नीडेड टू फिल इट?’ तिचं उत्तर होतं १०५०.

‘वाचून दाखव.’ एकही शब्द न अडखळता तिने वाचलं, ‘थ्री फोर्थ्स’सुद्धा. पहिली पायरी पार.

‘काय विचारलंय?’ ती म्हणाली, ‘पाणी किती ते.’

‘काय केलंस?’ सहाशेचे तीन चतुर्थांश काढले, ४५०. बरोबर. ‘मग पुढे?’ ‘मोअर आहे ना बाई. म्हणून प्लस.’ सहाशे अधिक साडेचारशे.

मी पुस्तक मिटलं. ‘हे बघ, उद्या पाणीकपात आहे. तुमच्या बिल्डिंगची सहाशे लिटरची टाकी पाऊण भरलीय. पूर्ण भरायला अजून किती लागेल?’

‘पाव टाकी. दीडशे.’ कागद नाही, पेन नाही. पाऊण आणि पाव मिळून एक होतं हे तिच्या भाषेतच आहे. तीन चतुर्थांश काढून वजा करायची गरजही पडली नाही. इंग्रजीत ती करत होती त्यापेक्षा मराठीत तिने सरस गणित केलं. चूक तिसऱ्या पायरीवर होती, आणि ती आम्हीच शिकवलेली होती.

कारण वर्गाच्या भिंतीवर तक्ता होता: ‘मोअर’, ‘टोटल’, ‘ऑलटुगेदर’ म्हणजे प्लस, ‘लेस’, ‘लेफ्ट’, ‘डिफरन्स’ म्हणजे मायनस. असे तक्ते शाळाशाळांतून आहेत, शिकवण्यांमधून तर छापून वाटतात. तिसरी-चौथीपर्यंत हा तोडगा चालतो, पुढे गळ्याशी येतो. ‘रोहनकडे १५ गोट्या आहेत. त्याच्याकडे समीरपेक्षा ६ जास्त आहेत. समीरकडे किती?’ यात ‘मोअर’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. तक्ता म्हणतो २१. मी तो तक्ता काढला. चांगला लॅमिनेट केलेला होता, जीवावर आलं.

त्याच्या जागी काय? पहिली गोष्ट, उदाहरण फळ्यावर आकडे गाळून लिहायचं. टाकीत काही पाणी मावतं, काही भाग भरलाय, आणखी किती लागेल? आकडेच नाहीत म्हटल्यावर ‘प्लस की मायनस’ विचारून उपयोग नसतो. मुलांना वाक्याकडे बघावंच लागतं. काय चाललंय ते एकमेकांना मराठीत सांगायचं, हातवारे करून, चित्र काढून. मग आकडे भरायचे. या चर्चेत मी इंग्रजीची सक्ती करत नाही. विचार ज्या भाषेत पळतो त्या भाषेत पळू दे, लिहायला इंग्रजी आहेच.

पण लिहायला आहे म्हणजे खरंच लिहायला हवी, आणि तीही मुलांनी. म्हणून शेवटी एक वाक्य इंग्रजीत, पूर्ण. सुरुवातीला मी साचा देते: ‘अमुक इज इतके मोअर दॅन तमुक’. मग तेच वाक्य ‘लेस दॅन’ वापरून उलटं लिहायचं, अर्थ न बदलता. दोन ओळींचा हा व्यायाम दहा उदाहरणांपेक्षा जास्त शिकवतो, असा माझा अनुभव आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित-विज्ञानाची द्विभाषिक पुस्तकं असावीत, म्हणजे मुलांना या विषयांचा विचार आणि चर्चा दोन्ही भाषांत करता येईल, असं म्हटलंय. हा मुद्दा कमी लोक वाचतात. सगळे पाचवीपर्यंत मातृभाषा की इंग्रजी यावरच भांडतात. मलेशियाने २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं, २००९ मध्ये निर्णय फिरवला, २०१२पासून मलय भाषेकडे परत जायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये ज्या शाळांना हवं त्यांना पुन्हा दोन्ही भाषांची मुभा दिली. धोरणं अशी पुढे-मागे होत राहतात. आठवीतली पोरगी तेवढ्यात दहावी पास होऊन जाते.

घरच्यांनी काय करावं, हेही नेहमी विचारलं जातं. गणिताबद्दल घरी बिनधास्त मराठीत बोला. पावणेदोनशे, सव्वाशे, दीडपट हे शब्द पोरांसमोर वापरा. गृहपाठात अडलं की अर्थ सांगून टाकू नका, ‘गोष्ट काय आहे ती मला सांग’ असं म्हणा. इंग्रजी येत नसलेली आई हे काम जास्त चांगलं करते, कारण तिला खरंच ती गोष्ट माहीत नसते आणि पोराला ती नीट सांगावी लागते.

गेल्या महिन्यात मी सातवीला स्वतः इंग्रजीत उदाहरणं रचायला सांगितली. दप्तरवाल्या उदाहरणात माझा ‘टू’ गाळणाऱ्या पठ्ठ्याची आई पोळी-भाजीचे डबे करते. त्याने फळ्यावर लिहिलं: ‘माय मदर मेक फिफ्टी चपाती. शी मेक टेन लेस दॅन आंटी. हाऊ मेनी आंटी मेक?’

वर्ग ओरडला, चाळीस! तो खडू हातात घेऊन उभा, चेहऱ्यावर मिश्किल हसू. ‘बाण काढा, बाण,’ म्हणाला. दोघीतिघींनी बाण काढले, कुजबुज झाली, मग एकेक करून साठवर आले. घंटा झाली म्हणून उदाहरण फळ्यावर तसंच राहिलं. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर आले, त्यांनी तिन्ही ‘मेक’भोवती लाल खडूने गोल केले आणि खाली कंसात उत्तर लिहिलं, ४०.